कवेलूवरची मखमल

क्योतोच्या साईहोजी मंदिरात शेवाळाची बाग जिवापाड जपतात. वर्धा जिल्ह्यात मात्र हेच शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या झाडून टाकलं गेलं. पावसाळ्याआधी छपराची कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना त्यावरचा काळपट, वाळका थर खराट्याने काढायचा, हे ठरलेलं काम.

तो थर मेलेला नसतो! चिमूटभर घेऊन पाण्यात टाकला, की मिटलेली इवली पानं काही मिनिटांत उलगडून हिरवी दिसू लागतात. खरी मुळं नसल्याने शेवाळ सर्वांगाने पाणी पितं. म्हणूनच बोन्सायवाले वाळकं शेवाळ चुरून कुंडीतल्या ओल्या मातीवर पेरतात.

१९३६मध्ये गांधीजी याच वर्धा जिल्ह्यातल्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा आश्रमातल्या कुट्याही माती, बांबू आणि कवेलूंच्याच उभ्या राहिल्या. आता गावोगाव कवेलूंच्या जागी स्लॅब पडतात. जुनी कवेलू उतरवताना त्यावरचं वाळकं शेवाळ फेकू नका, चुरून कुंडीत पेरा.