चाकरमान्यांची पोरं

आमच्या घरात गावाचा काळ मुंबईवरून मोजत. आजीची सासू सांगायची ते ‘मुंबईला गाठ आली’ त्या सालचं. ते १८९६. मांडवी बंदरालगतच्या वस्तीत प्लेग निघाला आणि सव्वाआठ लाखांच्या शहरातून लाखो माणसं आपापल्या गावाची वाट धरून निघाली. ती तेव्हा सहा-सात वर्षांची. आलेल्या बिऱ्हाडांना गावाबाहेर सड्यावर झोपड्या घालून ठेवलं होतं आणि घरातल्या बायका लांबवर पेजेचं मडकं ठेवून मागे फिरत, एवढं तिला आठवत होतं. पाऊस लागल्यावर त्या झोपड्यांतली पोरं शेतावर दिसू लागली, असंही ती सांगे. रोग गेला म्हणून ती आली की हात कमी पडले म्हणून बोलावली, ते मात्र ती कधी बोलली नाही.

आजीचं साल १९४२. ती जन्माने मुंबईची, लालबागच्या चाळीतली. त्या एप्रिलात जपान्यांनी कोलंबोवर आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. आता पाळी मुंबईची, असं चाळीतल्या प्रत्येक जिन्यात बोललं जाऊ लागलं. आजीच्या वडिलांनी बायकामुलांना बोटीत बसवलं आणि स्वतः ते गिरणीवर परत गेले. दाभोळला उतरायचं, तरीतून खाडी ओलांडायची, पुढे गुहागरच्या डोंगरातून पायी. नऊ वर्षांची आजी त्या वाटेने आली आणि पुढे इथलीच झाली.

गिरणीचा पगार तेव्हा एका माणसाच्या खानावळीला आणि गावच्या मनीऑर्डरीला पुरायचा. कुटुंब गावाला भातावर आणि नाचणीवर जगेल, हे त्या पगारात धरलेलंच होतं. भाताची ती चार दळंसुद्धा खोताची. उभं पीक बघून तो आपला वाटा ठरवायचा. खोती कायद्याने गेली १९४९ साली. तोवर आणि त्यानंतरही मुंबईचं कापड स्वस्तात निघालं, त्याचा बराचसा भार कोकणातल्या बायांनी वाकून लावलेल्या तरव्यावर होता. गिरण्यांच्या इतिहासात ही गोष्ट पहिल्या पानावर यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या आठवणीतलं साल १९८२. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगारांनी गिरण्या बंद केल्या. काका साचेखात्यात होता. शिमग्यापर्यंत मिटेल म्हणाले, मग गुढीपाडव्यापर्यंत. मे महिन्यात काकी पोरांना घेऊन आली, तशी ती दरवर्षीच यायची. त्या वर्षी जून उजाडला तरी परतीची एसटी कोणी धरली नाही.

मे महिन्यातली पोरं पाहुणी असतात. त्यांना पायरीचा आंबा निवडून देतात, विहिरीवर जाताना कोणीतरी सोबत जातं. मृग लागला की घर बदलतं. राब भाजून पेरलेलं दाढीतलं रोप वर येऊ लागतं, नांगर दुरुस्त होतो, आणि घरातल्या प्रत्येक तोंडामागे दोन हात मोजले जातात. ताई, माझी चुलत बहीण, बारा वर्षांची होती आणि तिचा भाऊ आठ. चाळीत नळाला पहाटे पाणी यायचं, त्यामुळे लवकर उठायची त्यांना सवय होती. जड गेलं ते इतर सगळं: इरलं डोक्यावर घेऊन वाकणं, पायाला चिकटलेली जळू ओढून काढणं, गवतात हात घालण्याआधी काठी आपटणं, कारण फुरसं दिसत नाही. धाकट्याला नाचणीची भाकरी घशाखाली उतरेना. तो रात्री झोपेत चपाती मागायचा. माझी आई ते ऐकून उठून बसायची. रेशनचा गहू मागवायला पैसे नव्हते.

त्यांना शिकवलं आजीने. ती रागावली नाही, लाडही केले नाहीत. चिखलात उभं राहताना टाच आधी टेकव, रोप तीन बोटांत धर, फार खोल खुपसू नको, कुजतं. इतकंच सांगायची आणि शेजारी लावत राहायची. संध्याकाळी चुलीपाशी त्यांचे पाय खोबरेल लावून चोळताना मात्र ती दाभोळच्या बोटीची गोष्ट सांगे. आपल्यालाही पहिल्या लावणीत चिखल्या झाल्या होत्या, रात्री लालबागचा भोंगा ऐकू आल्यासारखा वाटायचा, हे तिने आम्हा गावच्या नातवंडांना त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं. मुंबईहून आलेल्या दोघांमुळे आम्हाला आमची आजी कळली.

धाकटा लवकर रुळला. चढणीचे मासे, रात्री बत्ती घेऊन व्हाळात कुर्ल्या. मुलग्याला गाव लवकर आपलंसं करतं. ताईच्या वाट्याला विहीर, गोठा आणि काकीच्या पाठीला पाठ लावून लावणी आली. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. काकाला गिरणीने परत घेतलं नाही. त्याने परळला एका दुकानात काम धरलं आणि मुलाला शाळेसाठी नेलं. खोलीत दोघांचंच भागत होतं. ताईने गावातच सातवी केली. हायस्कूल डोंगरापलीकडे, पावसात व्हाळ भरला की वाट बंद. तिचा दाखला पत्र्याच्या ट्रंकेत राहिला. संपाने बुडालेल्या कामाच्या दिवसांचे हिशेब छापून आले. गावोगावच्या अशा मुलींच्या बुडालेल्या इयत्ता कोणी मांडल्या नाहीत. त्या मांडायला हव्या होत्या, आणि संपाबद्दल बोलताना आजही मला आधी तेच आठवतं.

ताई लग्न होऊन जवळच्याच वाडीत राहिली. भात लावते, आमच्या दळांकडेही तीच बघते, कारण माझे भाऊ पुण्याला.

२०२० च्या मे महिन्यात चाकरमानी पुन्हा आले. टाळेबंदीतून निघालेल्यांना गावोगावच्या शाळांत चौदा दिवस ठेवलं. धाकट्याचं कुटुंबही तसंच शाळेत राहून मग घरी आलं. त्याची मुलगी सातवीत होती. जूनमध्ये तिचे वर्ग मोबाइलवर सुरू झाले आणि आमच्या वाडीत रेंज नाही. मिळते ती फक्त सड्यावर, करवंदीच्या जाळीपलीकडे. लावणी तोंडावर आलेली, माणूस मिळत नव्हतं, आणि पोरगी चिखलात उतरायला हौसेने तयार होती. ताईने तिला सकाळी इरलं आणि डबा देऊन सड्यावर पाठवलं, वर्ग संपेपर्यंत खाली यायचं नाही म्हणून बजावलं, आणि तिच्या वाटणीची दोन दळं दुपारपर्यंत स्वतः लावून काढली.