धाबं, पाचट आणि पत्रा

दुपारी दोनला गोठ्यातल्या पत्र्याखाली उभं राहून बघा, वरनं झळ लागते. संकरित गाईला साधारण 25 ते 27 अंशांपुढं उन्हाचा ताण येतो. ती धापा टाकते, चारा सोडते, दूध घटतं. मग आपले आजे-पणजे उन्हाचं काय करायचे?

जुन्या घरांना धाबं असायचं. तुळया, त्यावर किलचण, पाला, चिखल आणि वर पांढरी माती. दिवसभराचं ऊन ही माती पोटात ठेवायची, घर दुपारी गार. पण रात्री तीच उष्णता खाली उतरायची, म्हणून माणसं माळवदावर झोपायला जायची.

1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा आला, ऊस वाढला आणि पाचट फुकटात मिळू लागलं. रानातली छपरं, गोठे, ऊसतोड मजुरांच्या कोप्या त्यानंच शाकारल्या.

धाब्याचा दोष वजनात. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी नवी माती, थरावर थर. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात चिखलात रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि हे ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो गेली. त्यानंतर मातीच्या छताची भीती बसली. पत्रा हलका, गळत नाही, उंदीर-वाळवी नाही. पण ऊन जसंच्या तसं आत.

यातून एक गोष्ट कळते. ऊन अडवायला वजन लागत नाही, अडकून राहिलेली हवा लागते. पाचटात ती काड्यांमध्ये असते, थर्माकोलमध्ये बारीक कप्प्यांत. म्हणून मातीतून उष्णता पाचटापेक्षा अंदाजे दहापट सहज जाते. दोन इंच थर्माकोलचं काम कोरडं, दाबलेलं चार इंच पाचट करतं. भिजलं की मात्र गुण जातो, शिवाय कुजतं. थर्माकोल कुजत नाही, पण पेटला की विषारी धूर. ग्लासवूल पेटत नाही, पण पैसे लागतात आणि हाताळताना अंग खाजतं.

माझं मत असं : राहत्या घरावर, चुलीजवळ, वायरींजवळ पाचट नको. सुट्या गोठ्याच्या पत्र्यावर उन्हाळ्यापुरतं चार-सहा इंच पसरा, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोरीनं बांधा. पाऊस लागायच्या आत काढून उसाच्या सरीत आच्छादनाला टाका. तेवढं पाचट तरी पेटवायचं वाचेल.

तुमच्याकडं अजून धाब्याचं घर उभं असेल तर छतावर किती माती आहे, ते एकदा मोजा.