सांभाळाचे मोल : अमेरिकेतील एका दरपत्रकाचा इतिहास

लढाया, तह आणि राज्यारोहणे यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. आज मी ज्याचा इतिहास सांगणार आहे ती वस्तू अगदी रुक्ष आहे. ते एक सरकारी दरपत्रक आहे. अमेरिकेत गरीब घरातील आईबाप कामावर गेले म्हणजे मुलाच्या सांभाळाचा बराचसा खर्च सरकार देऊ शकते. पात्र ठरणाऱ्यांपैकी थोड्याच कुटुंबांच्या पदरात हे साहाय्य पडते, ही गोष्ट वेगळी. सांभाळणाऱ्याला किती द्यावयाचे हे प्रत्येक राज्य आपल्या पत्रकात छापते. त्यात साधारणपणे पहिला रकाना परवाना असलेल्या पाळणाघराचा, दुसरा आपल्या राहत्या घरी चारसहा मुले सांभाळणाऱ्या बाईचा, आणि शेवटचा आजी, मावशी, आत्या यांचा. पहिल्या रकान्यातला आकडा बहुधा मोठा, शेवटचा बहुधा सर्वांत लहान. मूल तेच, तासही तेच; सांभाळणारे हात तेवढे बदलतात. हा उतरता क्रम आला कोठून?

त्यासाठी 1909 सालापर्यंत मागे जावे लागते. थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या वर्षी व्हाइट हाउसमध्ये मुलांच्या प्रश्नावर परिषद भरविली. केवळ दारिद्र्यापायी मुलाला आईपासून तोडून अनाथालयात घालू नये, असे तिने ठरविले. अनाथालयात ठेवण्याचा खर्च सरकार करतेच, मग तोच पैसा आईला का देऊ नये? विचार सरळ होता. 1911 मध्ये इलिनॉय राज्याने मातांना वेतन देण्याचा कायदा केला आणि 1920 पर्यंत चाळीस राज्यांनी तसे कायदे केले. म्हणजे आरंभी अमेरिकन सरकारने मूल सांभाळण्याचे पैसे दिले ते खुद्द आईला! पण घर ‘योग्य’ आहे की नाही हे अधिकारी ठरवीत. त्यांच्या पसंतीस उतरे ती बहुधा गोरी विधवा. निग्रो आईला हे वेतन क्वचितच मिळे. तिने दुसऱ्याच्या घरी जाऊन दुसऱ्याचे मूल सांभाळावे अशीच अपेक्षा असे. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ही मदत मध्यवर्ती सरकारने उचलून धरली, तरी 1950 पर्यंत हिशेबात फक्त मुले धरली जात. सांभाळणाऱ्या आईच्या पोटासाठी त्यात वेगळी रक्कम नव्हती. त्याच कायद्याच्या वृद्धापकाळच्या विम्यातून घरकाम करणाऱ्या बायकांना वगळले होते. इतरांची मुले वाढवून म्हातारी झालेली दाई या हिशेबात कोठेच बसत नव्हती.

मग युद्ध आले. कारखान्यांना हात हवे होते आणि ते हात बायकांचे होते. 1940 च्या लॅनहॅम कायद्याखाली 1942 पासून पाळणाघरांना पैसा मिळू लागला. 1944 च्या उन्हाळ्यात सुमारे तीन हजार पाळणाघरांत एक लाख तीस हजारांच्या आसपास मुले होती. आईने आरंभी दिवसाला पन्नास सेंट भरावेत, बाकीचे सरकारने पाहावे. पोर्टलंडच्या कैसर गोदीतल्या पाळणाघरातून संध्याकाळी मुलाबरोबर शिजवलेले जेवणही घरी नेता येत असे! दिवसभर जहाजे सांधून थकलेल्या बाईला त्याचे मोल काय वाटत असेल, हे येथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नको. 1946 च्या फेब्रुवारीअखेर हे सारे बंद झाले. मातांनी निदर्शने केली, पत्रे धाडली. त्यामुळे मुदत काही महिने वाढली एवढेच. कॅलिफोर्नियाने मात्र आपली पाळणाघरे राज्याच्या पैशाने चालू ठेवली.

यानंतर पैसा दुसऱ्या वाटेने, करखात्याच्या वाटेने आला. 1954 मध्ये कामावर जाणाऱ्या आईला सांभाळाच्या खर्चापैकी सहाशे डॉलरपर्यंत रक्कम उत्पन्नातून वजा करण्याची सवलत मिळाली. आजीला दिलेले पैसे त्यात धरावेत की नाही, याचा घोळ 1978 च्या कायद्याने आजीच्या बाजूने निकाल लागेपर्यंत चालला. खुद्द सर्व मुलांसाठी पाळणाघरे काढण्याचे विधेयक 1971 मध्ये काँग्रेसने मंजूर केले होते. अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. मुलांचे संगोपन कुटुंबाकडून समूहाकडे जाईल, ही त्यांची तक्रार होती. यातली गंमत अशी, की मदतीवर जगणाऱ्या गरीब आईला बाहेर कामाला धाडावे, या मताचे खुद्द निक्सनही होते.

नातेवाइकांचा प्रश्न न्यायासनापुढे आला तो शेजारच्या खात्यात, म्हणजे आईबापांपासून काढून घेतलेल्या मुलांच्या बाबतीत. इलिनॉयमध्ये अशी दोन भावंडे त्यांच्या मोठ्या विवाहित बहिणीने घरी नेली. परक्या घरी ती राहिली असती तर पूर्ण पालनखर्च मिळाला असता. बहीण पडली म्हणून राज्याने पुष्कळ कमी रक्कम देऊ केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1979 मध्ये न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी निकाल लिहिला: कायद्यात परका आणि नातलग असा भेद नाही, राज्याने तो करू नये. मात्र रोजच्या सांभाळाच्या दरपत्रकाला या निकालाचा स्पर्श झाला नाही.

ते दरपत्रक आजच्या रूपात आले 1990 च्या कायद्याने. त्या वेळचा मोठा वाद चर्चच्या पाळणाघरांचा होता. धर्मसंस्थेला सरकारी पैसा कसा द्यावा? तोडगा निघाला तो असा, की प्रमाणपत्र पालकाच्या हाती द्यावे आणि त्याने ते हवे तेथे नेऊन द्यावे. एकदा पालकाची निवड मान्य केल्यावर चर्चला दार उघडले, तसे आजीलाही उघडले. आजी, मावशी, काका, मामा यांना परवान्याची अट राहिली नाही. 1996 मध्ये मदतीवर जगणाऱ्या मातांना काम सक्तीचे झाले, आणि रात्रपाळीला जाणाऱ्या आईला, पाळणाघर संध्याकाळी सहाला बंद होत असल्याने, आजीवाचून दुसरे कोण होते?

येथे एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न झाली. शेजारणीचे मूल सांभाळले तर ते काम, आणि त्याचे पैसे मिळतात. स्वतःचे मूल सांभाळणे हे काम नव्हे. उलट त्यापायी मदत थांबते. दोघी शेजारणींनी मुलांची अदलाबदल केली तर तर्कशास्त्राप्रमाणे दोघीही कामकरी ठरल्या पाहिजेत!

आता दर कसा ठरतो ते पाहू. गावातील शंभर जागांचे दर चढत्या क्रमाने मांडा आणि पंचाहत्तराव्या जागेशी थांबा. तेवढे सरकारने दिले तर चारांपैकी तीन दारे गरिबाला उघडी राहतील. 1988 च्या कायद्याखालील नियमांत ही रेषा आली, पुढे ती मापदंड म्हणून टिकली. पण सक्ती नसल्याने बहुतेक राज्यांचे दर तिच्या बरेच खाली राहिले. माझ्या मते खरी खोच तर याच्याही पलीकडे आहे. गरीब वस्तीत आईबापांना जास्त देता येत नाही, म्हणून तेथील बाई कमी घेते. सरकार बाजार मोजावयास जाते तेव्हा त्याला तो कमी दरच दिसतो, आणि तोच ते योग्य दर म्हणून पत्रकात लिहिते. आजीने तर बाजारात कधी दर लावलेलाच नसतो. मग परवानाधारक घराच्या दराचा काही हिस्सा तिला तोडून द्यावा, अशी रीत अनेक राज्यांत पडली.

दुसरी बाजूही हलकी नाही. सरकारी पैसा जेथे जातो तेथे मूल सुखरूप आहे की नाही, हे पाहणे सरकारचे कर्तव्य नव्हे काय? 2014 च्या कायद्याने सांभाळणाऱ्यांची पूर्वचारित्र्याची चौकशी, आरोग्य व सुरक्षिततेचे शिक्षण आणि वर्षातून एकदा तपासणी अशा अटी घातल्या. जवळच्या नातलगांना त्यांतील काही अटींतून सूट देण्याची मुभा राज्यांना राहिली. पाळणाघराचे भाडे, शिक्षिकांचे पगार, परवान्याचे सोपस्कार यांना खर्च येतो आणि आजीला तो येत नाही, हे म्हणणे मला मान्य आहे. पण तेवढ्याने तिच्या दहा तासांची किंमत घटते, हे मान्य नाही.

त्या बायकांनाही ते मान्य नव्हते. इलिनॉयमध्ये 2005 साली घरी मुले सांभाळणाऱ्या सुमारे 49,000 जणांनी, त्यांत नातेवाईकही आले, मतदान करून संघटना निवडली आणि राज्य सरकारशी दरांचा करार केला. आम्ही दुकानदार नव्हे, उपकार करणाऱ्या आज्याही नव्हे, सरकार आम्हाला पैसे देते तर त्याने आमच्याशी बोलावे, हे त्यांचे म्हणणे होते. मुलाला ताप आला आणि ते चार दिवस आले नाही, तर त्या दिवसांचे पैसे कापावयाचे, हा जुना नियमही त्यांना जाचत असे. घरभाडे तर ताप पाहून कमी होत नाही. 2024 मध्ये वॉशिंग्टनने नियम काढला, की राज्यांनी पैसे आगाऊ द्यावेत आणि हजेरीवर नव्हे, तर पटावरील नावावर द्यावेत. खाजगी पाळणाघरे पैसेवाल्या पालकांकडून कित्येक वर्षे असेच पैसे घेत आली होती.