अँजेला त्रिंदाद : कुंचला हाती घेतलेली लेक

आपल्या परभणीकडं लग्न जमवताना आधी मुलीचा फोटो मागतात. तिनं नुसतं बसायचं, बघणारे दुसरेच. अँजेला त्रिंदाद मात्र दुसऱ्यांना समोर बसवून निरखायच्या आणि रंगवायच्या.

जन्म १९०९चा. वडील आंतोनियो त्रिंदाद मूळचे गोव्याचे, मुंबईतले नावाजलेले व्यक्तिचित्रकार. घरच्या माणसांचीही चित्रं ते काढत. लेक जे. जे. कलाशाळेत शिकली. १९३५ साली वडील वारले, तरी तिचं रंगवणं थांबलं नाही.

त्यांनी पुष्कळ व्यक्तिचित्रं केली. आम्हाला जवळची वाटते ती त्यांची मेरी. येशूची आई, पण साडीतली. आठवडी बाजारात भेटेल अशी! तेव्हा हे धाडसच होतं. पुढं पोपकडून त्यांना पदकही मिळालं. १९८० साली त्या गेल्या. बापलेकीची चित्रं आज पणजीत एकाच संग्रहात आहेत.