निवारागृह (स्त्रिया व मुले)

मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा घरच्यांनी हाकलून दिल्यामुळे आसरा तुटलेल्या स्त्रियांची व त्यांच्या मुलांची राहण्याची सोय करणारी संस्था. जेवणखाण आणि अंथरूण-पांघरूण एवढ्यावर तिचे काम भागत नाही. औषधोपचार, समुपदेशन, कोर्टकचेरीत सोबत, मुलांची शाळा आणि बाईच्या स्वतःच्या कमाईची तजवीज, हे सगळे त्यात येते.

महाराष्ट्रात या कामाचा पाया १८६३ मध्ये पुण्यात घातला गेला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवणुकीतून किंवा बळजबरीतून दिवस गेलेल्या विधवांनी तेथे गुपचूप बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नाहीतर ठेवून जावे, अशी ती सोय होती. १८८४ पर्यंत ३५ विधवा आल्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. बाकीची गर्भ पाडण्यासाठी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे दगावली, असे जोतीरावांनी त्याच वर्षी नमूद केले आहे. आसरा होता, पण बाई तिथवर पोचेपर्यंत फार उशीर झालेला असे. काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन हा वेगळा विभाग ठेवला.

उशिराचा प्रश्न शतकानंतरही सुटला नव्हता. १९९१ मध्ये पुण्यात सिस्टर ल्युसी कुरियन यांच्याकडे एक गरोदर बाई रात्रीपुरता आसरा मागायला आली. जागा नसल्याने त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. ती आणि पोटातले मूल दोघेही गेले. या घटनेतून १९९७ मध्ये पुण्याजवळ वढू बुद्रुक येथे त्यांचे ‘माहेर’ हे निवारागृह उभे राहिले.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने (२००५) पीडितेने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यास निवारा देणे निवारागृहाच्या प्रमुखावर बंधनकारक केले. केंद्राच्या स्वाधार गृह योजनेत मात्र अशा स्त्रीला जास्तीत जास्त एक वर्ष राहता येई; सोबत मुली १८ वर्षांपर्यंत, मुलगे फक्त आठ वर्षांपर्यंत. त्याहून मोठ्या मुलाची रवानगी बालगृहात होई. आईला होणारी मारहाण डोळ्यांनी पाहिलेल्या नऊ वर्षांच्या पोराला ऐन गरजेच्या वेळी तिच्यापासून तोडणारी ही अट त्या योजनेतला सर्वांत मोठा दोष होती.