अमेरिकेतला हिवाळा : एका तबकडीवरची दोन नावं

मे १९७४ मध्ये अमेरिकेत एक तबकडी निघाली. 'विंटर इन अमेरिका'. अमेरिकेतला हिवाळा. बाहेर ऊन पडलंय आणि ही दोन पोरं हिवाळ्याची गोष्ट सांगतायत! तबकडीवर नावं दोन : गिल स्कॉट-हेरन आणि ब्रायन जॅक्सन. पहिला पंचवीस वर्षांचा, दुसरा एकवीस. पहिला कवी, म्हणणारा. दुसरा पियानो आणि बासरी वाजवणारा, चाली बांधणारा.

दोस्तहो, काळ्यांच्या चळवळीशी आपलं नातं आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊनच. पण चळवळ ऐन भरात असताना काय गायलं गेलं हे सगळेच सांगतात. ती मोडायला लागल्यावर काय गायलं गेलं हे सांगणारे थोडे. म्हणून मी या तबकडीबद्दल लिहितोय.

हिवाळा कसला, ते आधी समजून घेतलं पाहिजे. १९६५ ला माल्कम एक्सला मारलं. १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगला मारलं. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलीस घरात घुसले आणि एकवीस वर्षांच्या फ्रेड हॅम्प्टनला त्यांनी गोळ्या घातल्या. मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावी एफबीआयच्या कचेरीतून कागद पळवले गेले, आणि मग जगाला कळलं की काळ्यांच्या संघटनांत सरकारच माणसं पेरत होतं, भांडणं लावत होतं. म्हणजे पुढारी मेले, जे उरले ते तुरुंगात किंवा एकमेकांच्या उरावर. वस्तीत राहिलं काय? बेकारी, हेरॉइन आणि दारू. हा तो हिवाळा.

गिल टेनेसीतल्या जॅक्सन गावी आजीजवळ वाढला. १९६२ साली तिथल्या गोऱ्यांच्या शाळेत पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या मोजक्या काळ्या पोरांत तो होता. त्या पोरांना वर्गात कसं वाटलं असेल, हे आपल्या वाचकाला कशाला सांगायचं! पुढं तो पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठात गेला. काळ्यांसाठी काढलेली जुनी संस्था. कवी लँग्स्टन ह्यूज तिथला, घानाचा एन्क्रुमा तिथला. तिथंच त्याला ब्रायन भेटला. आणि तिथंच, एका सहाध्यायी वादकाचा धड उपचार न मिळाल्यानं मृत्यू झाला तेव्हा गिलनं पोरांना घेऊन वर्ग बंद पाडले, दवाखाना सुधारा म्हणून मागण्या मांडल्या. पोरगा कवितेआधी संप शिकलेला होता असं नाही, पण दोन्ही बरोबरीनं शिकला.

१९७० ते ७२ मध्ये त्याच्या तीन तबकड्या निघाल्या त्या फ्लाइंग डचमन या कंपनीच्या. त्यातल्या 'पीसेस ऑफ अ मॅन'मध्ये (१९७१) पियानो ब्रायनचा, कितीतरी चालींत त्याचा हात. पण तबकडीवरचं मोठं नाव एकट्या गिलचं. आपल्याकडंही शाहिराचं नाव पोस्टरवर येतं, झीलकऱ्याचं येत नाही. १९७४ च्या या तबकडीवर प्रथमच दोन्ही नावं बरोबरीनं छापली गेली. मला यात त्या तबकडीचं अर्धं राजकारण दिसतं.

उरलेलं अर्धं मालकीचं. १९२० च्या दशकात बेसी स्मिथ कोलंबिया कंपनीसाठी गायली. ब्लूजची सम्राज्ञी म्हणायचे तिला. दर गाण्यामागं ठरलेली रक्कम हातावर टेकवली, रॉयल्टी नाही. गाणं गळ्यातून निघालं की परकं झालं! काळ्या संगीताचा इतिहास असल्या सह्यांनी भरलेला आहे. १९७१ साली न्यूयॉर्कला ट्रम्पेटवाला चार्ल्स टॉलिव्हर आणि पियानोवाला स्टॅन्ली कॉवेल यांनी 'स्ट्राटा-ईस्ट' काढली ती या इतिहासाला उत्तर म्हणून. पद्धत अशी : वादकानं आपल्या खर्चानं टेप तयार करून आणायची, कंपनीनं तबकडी काढायची, मूळ टेप मात्र वादकाच्याच मालकीची. 'विंटर इन अमेरिका' तिथं निघाली. यात तोटा होता, तो लपवू नये. कंपनीचे हात लांबवर पोचत नव्हते. तबकड्या थोड्या निघाल्या, लवकर संपल्या. मालकी होती, दुकानं नव्हती.

ध्वनिमुद्रण सप्टेंबर-ऑक्टोबर १९७३ मध्ये, वॉशिंग्टनजवळच्या सिल्व्हर स्प्रिंगला. जागा एवढीशी की दोघांनी एकदम काही करायचं तर एकानं बाहेर बोळात, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी उभं राहायचं. बरीच गाणी या दोघांवरच उभी आहेत. शेवटी डॅनी बोवेन्स बेसला आणि बॉब अ‍ॅडम्स ड्रमला आले.

आता 'द बॉटल'. बाटली. गिल तेव्हा वॉशिंग्टनच्या फेडरल सिटी कॉलेजात शिकवत होता. राहत होता तिथून दारूचं दुकान दिसायचं. सकाळी दुकान उघडायच्या आत माणसं रांगेत. हातात रिकाम्या बाटल्या, कारण रिकामी परत दिली की नवी थोडी स्वस्त पडते. पांढरपेशा कवी खिडकी लावून घेतो. हा खाली उतरला, त्यांच्याशी बोलला, कोण आधी काय होतं ते ऐकलं. त्यातून गाणं झालं. त्यात एक पोरगं आहे, बापानं घरातलं विकून प्यायल्यावर घाबरून पळणारं. एक बाई आहे, तिचा माणूस तुरुंगात. आणि एक डॉक्टर आहे, अडलेल्या पोरींना मदत करणारा, आता चुरगळल्या सुटात उभा. गाण्यात उपदेशाचा एक शब्द नाही. आणि गंमत बघा, ठेका नाचायचा! ब्रायनची बासरी अशी उडते की पाय थांबत नाहीत. लोक नाचले. नाचता नाचता आपल्याच बापाची गोष्ट ऐकत होते. 'पिऊ नका' असं सांगणारी गाणी पुष्कळ आहेत, ती पिणारा ऐकत नाही. हे त्यानं ऐकलं, कारण गाणारा रांगेतल्या माणसाकडं बोट दाखवत नाही, त्याचं आधीचं आयुष्य दाखवतो. १९७४ साली सोल संगीताच्या यादीत हे गाणं पंधराव्या क्रमांकापर्यंत गेलं. छोट्या कंपनीचं गाणं!

बाकी गाण्यांत घर आहे, पूर्वजांच्या नद्या आहेत, लेकीला आपलं प्रेम सांगणारा बाप आहे. प्रचारकी नाही म्हणून नाकं मुरडणारे कार्यकर्ते तिथंही असतील. त्यांच्यासाठी 'एच-टू-ओ-गेट ब्लूज' आहे. वॉटरगेटवर आठ मिनिटं नुसतं बोलणं, मागं ब्लूज, ऐकणाऱ्यांचं हसूसुद्धा त्यात. ध्यानात घ्या, निक्सननं राजीनामा दिला ९ ऑगस्ट १९७४ ला. तबकडी मेमध्ये आली. म्हणजे हा माणूस राष्ट्राध्यक्ष खुर्चीत असताना बोलत होता.

गंमत म्हणजे 'विंटर इन अमेरिका' नावाचं गाणं या तबकडीत नाहीच. ते १९७५ च्या पुढच्या तबकडीत आलं, अरिस्टा या मोठ्या कंपनीच्या.

आता हिप-हॉपचा धागा. ११ ऑगस्ट १९७३ ला, म्हणजे या ध्वनिमुद्रणाच्या तोंडावरच, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क या जमैकन पोरानं एका इमारतीच्या खोलीत पार्टी केली. गाण्यातला नुसता ठेक्याचा तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवायचा. हिप-हॉपचा जन्म तिथं मानतात. एकीकडं ठेका सुटा होत होता, दुसरीकडं या जोडीनं ठेक्यावर बोलणं आणलं होतं. पुढं दोन्ही एकत्र आले. गिलला रॅपचा बाप म्हणायचे, त्याला ते आवडायचं नाही; तो स्वतःला ब्लूजचा अभ्यासक म्हणवायचा. पण लेकरांनी बापाला सोडलं नाही. १९९८ मध्ये मोस डेफ आणि तालिब क्वेली या जोडीनं 'ब्लॅक स्टार' काढली, मार्कस गार्व्हीच्या जहाज कंपनीवरून नाव घेतलेली, तिच्यात गिल-ब्रायनच्या १९७७ च्या गाण्याचा तुकडा आहे.

१९८० च्या सुमारास जोडी फुटली. ज्यानं बाटलीची रांग पाहिली त्याला पुढं कोकेननं गिळलं. तुरुंगही झाला. २७ मे २०११ ला तो गेला. हे सांगताना काही लोकांना आसुरी आनंद होतो. मला होत नाही. त्या रांगेत कुणीही उभा राहू शकतो, हेच तर त्याचं गाणं होतं.

आणि ब्रायन? त्यानं पोटासाठी न्यूयॉर्क शहराच्या सरकारी नोकरीत संगणकाचं काम केलं, आणि वाजवत राहिला. गिलच्या मृत्युलेखांत त्याचं नाव आलं ते एखाद्या ओळीत. २०२१ साली 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या हिप-हॉप गटातला अली शहीद मुहम्मद आणि एड्रियन यंग यांनी त्याला बोलावून त्याच्याबरोबर तबकडी केली. तिच्यावर नावं तीन आहेत, आणि त्यात ब्रायन जॅक्सन पहिला आहे.