चहाची पारख

सकाळची कामं उरकून, नाहीतर हातातलं काम चालू ठेवूनच तुम्ही ऐकत असाल. आज बोलायचंय चहाबद्दल. मागच्या वर्षी आमच्या बचत गटाला या चहाने चांगलंच पोळवलं, म्हणून आधी ते सांगते.

गटात ठरलं की सुटा चहा घाऊक आणायचा, पाव किलोच्या पुड्या बांधायच्या आणि आठवडी बाजारात विकायच्या. तालुक्याच्या एका व्यापाऱ्याकडून ४० किलो माल उचलला. रंग असा की पातेल्यात टाकल्या टाकल्या पाणी लालभडक. पहिल्या बाजारात पुड्या हातोहात गेल्या. दुसऱ्या बाजाराला त्याच बायका परत आल्या. "रंग येतोय गं, पण चवच नाही." एका सभासदाची मुलगी कॉलेजात शिकते. तिने पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर चहा पसरला, वर थंड पाणी शिंपडलं, मग चहा झटकून कागद नळाखाली धरला. कागदावर लालसर डाग तसेच राहिले. वापरलेला चोथा वाळवून रंगवलेला होता. पैसे बँकेच्या कर्जातले. ते आम्ही अजून फेडतोय.

पैशाचं दुःख आहेच. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. आम्ही तेराजणी. तुरीची डाळ दाताखाली धरून जुनी की नवी ते सांगतो. तूप वासावरून ओळखतो, ज्वारी मुठीत घेऊन ओळखतो. आणि जो चहा चाळीस चाळीस वर्षं दिवसातून चार वेळा पितो, त्याची पारख आम्हाला नाही! असं का, हे शोधता शोधता मी दीडशे-दोनशे वर्षं मागे गेले.

आधी झाडाचं सांगते. हिरवा चहा, काळा चहा, दार्जिलिंग, आसाम, सगळा एकाच जातीच्या झुडपाचा. फरक पडतो तो खुडल्यानंतर. पान आधी पसरून कोमेजू देतात, मग वळतात, म्हणजे तळहातात चुरगळल्यासारखं. चुरगळलं की रस हवेला लागतो आणि पान तांबूस होतं. चिरलेलं वांगं काळं पडतं ना, तसंच. मग भट्टीत वाळवलं की काळा चहा. हिरव्या चहाचं पान आधीच वाफेवर किंवा कढईत गरम करून घेतात, त्यामुळे ते काळं पडत नाही. एवढंच गुपित. चीनने ते शेकडो वर्षं जपलं आणि त्यासाठी इंग्रजांनी माणसं पाठवून तिथली रोपं चोरूनसुद्धा आणली.

आपल्या देशात पहिली पारख होती आसामच्या सिंगफो लोकांची. ते रानातल्या चहाची पानं भाजून, उन्हात वाळवून, बांबूच्या नळीत ठासून चुलीवरच्या धुरात ठेवत. लागेल तसा तुकडा कापायचा आणि पाण्यात उकळायचा. दूध नाही, साखर नाही. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश माणसाला हे झाड कळलं ते सिंगफो सरदार बिसा गाम याच्याकडून, आणि त्याच्यापर्यंत ब्रूसला पोचवलं मणिराम दिवाण यांनी. १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाच्या ८ पेट्या लंडनमध्ये लिलावात विकल्या गेल्या. मणिराम यांनी पुढे स्वतःचे मळे लावले. १८५७ च्या उठावात हात असल्याच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना १८५८ साली फाशी दिलं. चहाचा घोट घेताना हे नाव आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग मळे वाढले. आसामात जंगल तोडायला, पानं खुडायला छोटा नागपूर, ओडिशा अशा भागांतून आदिवासी कुटुंबं करारावर नेली, काहींना फसवून नेलं. दार्जिलिंगच्या उतारांवर नेपाळी कुटुंबं आली. खुडण्याचं काम बायकांचं, तेव्हाही आणि आजही. चांगल्या चहासाठी वरचा कोंब आणि खालची दोन पानं एवढंच घ्यायचं, तिसरं पान आलं तर चव उतरते. साधारण साडेचार किलो ओली पानं खुडावी तेव्हा १ किलो चहा होतो. म्हणजे पहिली पारख बाईच्या बोटांची. कुठलं पान घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, हे ती न बघता ठरवते. वेचणीला जाणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

पण चाखायची जिभ मात्र दुसऱ्यांची. १८६१ साली कलकत्त्यात चहाचे लिलाव सुरू झाले आणि ‘टी-टेस्टर’ नावाचं एक भारदस्त काम तिथे उभं राहिलं. ते अनेक वर्षं साहेबांचं आणि पुरुषांचंच होतं. लांबलचक टेबलावर पांढऱ्याशुभ्र कपांची रांग. प्रत्येकात मोजून तेवढाच चहा, जुन्या सहा पेन्सच्या नाण्याच्या वजनाचा, म्हणजे तीन ग्रॅमला थोडा कमी. वर उकळतं पाणी, झाकण, पाच-सहा मिनिटं. मग पाणी वाटीत ओतायचं आणि चोथा झाकणावर उलटा काढून ठेवायचा. आधी कोरडं पान बघायचं, मग भिजलेलं पान बघून त्याचा वास घ्यायचा, मग वाटीतला रंग, आणि शेवटी चमच्याने घोट. आणि बायांनो, घोट कसा घेतात माहीत आहे? मोठ्ठा आवाज करून, फुरका मारून! फुरक्याबरोबर हवा आत जाते आणि वास टाळूमागून नाकात चढतो. मग तो घोट थुंकून टाकतात, कारण दिवसाला शेकडो कप चाखायचे असतात. माझे आजोबा बशीत चहा ओतून असाच फुरका मारायचे आणि आम्हा पोरींना मात्र आवाज केला की धपाटा मिळायचा.

अस्सल माल असा चाखून बोटीने बाहेर जायचा. आपल्याकडे चहा आला तो आधी शहरी, शिकलेल्या घरांत, आणि तोही भांडण घेऊनच. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशा मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावभर गहजब झाला. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. कपाला कुणी हात लावला, कुणी घोट घेतला, याचा कीस पडला. चहा कसा होता हे कुणी विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

खेड्यांत चहा पोचायला आणखी वेळ लागला. १९०३ साली बाहेर जाणाऱ्या चहावर एक कर बसवला, त्या पैशातून चहाचा प्रचार व्हावा म्हणून. गिरण्या आणि खाणींत चहाच्या टपऱ्या, स्टेशनांवर किटल्या घेतलेले विक्रेते, भिंतींवर पाट्या. पाट्यांवर शिकवलेलं असायचं की चहा किटलीत भिजत घाला, दूध नंतर वरून थोडं घाला. लोकांनी ऐकलं नाही. चहा महाग, मग थोड्या चहात जास्त माणसं कशी भागवायची? दूध, साखर, आलं, वेलदोडा घालून उकळून उकळून. आपल्याकडे त्यात गवती चहाची पात. प्रचारवाल्यांना हे पटत नव्हतं, पण मला विचाराल तर ही आपल्या बायकांची आणि टपरीवाल्यांची अक्कलहुशारीच.

मग आसामातल्या अमगुरी मळ्यात १९३०-३१ च्या सुमाराला मॅकर्चर नावाच्या माणसाने एक यंत्र काढलं. दोन दातेरी रूळ, त्यात पान कुस्करतं, फाटतं आणि गोळी होतं. यालाच सीटीसी म्हणतात. पाकिटातला आपला दाणेदार चहा तो हाच. झटकन रंग देतो, दुधाला पुरून उरतो, कमी चहात जास्त कप होतात. स्वातंत्र्यानंतर तोच सगळीकडे पसरला आणि चहा गरिबाच्या घरी आला. त्याला मी नावं ठेवणार नाही. ‘पावडर म्हणजे कारखान्यातला केर’ असं काहीजण म्हणतात, तेही खरं नाही. चाळणीतून खाली आलेला सगळ्यात बारीक दाणा म्हणजे डस्ट, एवढंच. पण झालं काय, पान आपल्या नजरेतून गेलं. आपण ‘चहा पावडर’ म्हणायला लागलो. पावडरीत कोंब दिसत नाही, जून पान दिसत नाही, काडी दिसत नाही. उरतो तो फक्त रंग. आणि रंग तर बाजारात डब्यात मिळतो. आमचा गट फसला तो इथेच.

सुट्या पानाच्या चहात लपवायला जागा कमी. दार्जिलिंगचंच बघा. हिवाळा संपल्यावर मार्च-एप्रिलात पहिली फूट येते. तिचा चहा फिकट, उग्र नसलेला, फुलासारख्या वासाचा. मे-जूनची दुसरी फूट गडद, तिला पिकल्या द्राक्षासारखा वास येतो. हा वास येतो कशाने? तुडतुड्यांनी! आपल्या कपाशीचं वाटोळं करतात तसले हिरवे तुडतुडे कोवळं पान चावतात, झाड स्वतःला वाचवायला आत काही द्रव्यं तयार करतं आणि त्याचाच तो सुगंध. पावसाळ्यातला चहा मात्र पाणचट. ज्वारी एकच, पण हुरडा आठ-दहा दिवसांचा, तसं हे आहे.

आता दरांचं बोलते. २०२१ च्या डिसेंबरात गुवाहाटीच्या लिलावात आसामच्या मनोहारी मळ्याचा १ किलो खास चहा ९९,९९९ रुपयांना गेला. त्या वर्षी आसामच्या मळ्यांतली रोजची मजुरी होती दोनशे रुपयांच्या आसपास. म्हणजे खुडणारीने जवळजवळ पाचशे दिवस राबावं, तेव्हा त्या एका किलोची किंमत होणार. त्याच आसामात मळ्यातल्या बायका दुपारी काय पितात? मीठ घातलेला काळा चहा. उन्हात घाम जातो म्हणून ही पद्धत पडली, आणि तिथल्या मजुरांमध्ये रक्तदाब जास्त असण्याचं एक कारण हे मीठ आहे असं डॉक्टर सांगतात.

केरळात मुन्नारच्या बायकांनी एकदा हा हिशेब मांडला होता. २०१५ च्या सप्टेंबरात बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला, तेव्हा हजारो बाया रस्त्यावर बसल्या. मजुरी होती दिवसाला २३२ रुपये. युनियनच्या पुढाऱ्यांना, जे बहुतेक पुरुष होते, त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. त्यांच्या या एकीला नाव पडलं ‘पेम्बिळै ओरुमै’, बायकांची एकजूट. बोनस मिळाला. मजुरी ५०० मागितली होती, नंतर ३०१ झाली.

आमच्या गटाने आता ठरवलंय की माल घ्यायच्या आधी चाखायचा. तुम्हीही करून बघा. तीन नमुने घ्या, जमलं तर त्यातला एक पानाचा असू दे, ५०-१०० ग्रॅम पुरे. तीन एकसारखे पांढरे कप, प्रत्येकावर ताटली. मोजायचं ते वजनाने, कारण पानाचा चहा फुगीर असतो, चमच्यात कमी बसतो. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम. दूध-साखर अजिबात नाही. उकळतं पाणी, पाच-सहा मिनिटं, मग गाळा. पारखायचा असेल तेव्हाच इतका वेळ. पानाचा चहा प्यायचा असेल तर तीन मिनिटं पुरतात, नाहीतर कडू होतो. हिरव्या चहाला तर पाणी उकळून थोडं निवू द्यायचं. चोथा बघा, भिजल्यावर पान उलगडतं का, तांब्यासारखा उजळ रंग आहे का मातकट काळा. वास घ्या. जुना चहा पोत्यासारखा, ओलसर वास मारतो. मग फुरका मारा, लाजू नका. तोंडात ताजेपणा येतो की नुसता तुरटपणा? तुरट म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर जिभ ओढल्यासारखी होते ते. थोडा तुरटपणा हवाच, तो दुधाला सांभाळतो. आणि टिपकागदाची परीक्षा आधी, थंड पाण्यानेच. गरम पाण्यात खरा चहाही रंग सोडणारच. दाण्यांवरून लोहचुंबक फिरवा, कधीकधी वजनासाठी लोखंडाचा कीस मिसळलेला असतो.

साहेबांचे शब्द आम्हाला पाठ होईनात, म्हणून वहीत आमचेच लिहिले. एकीने लिहिलं ‘भाजल्या हरभऱ्याचा’, दुसरीने ‘पहिल्या पावसाचा’, एका व्यापाऱ्याच्या नमुन्यापुढे नुसतं ‘गोणपाट’. तो माल घेतला नाही.

गटातल्या सगळ्यात थोरल्या आत्यांपुढे दार्जिलिंगचा कप ठेवला. सत्तरी ओलांडली आहे त्यांनी. त्यांनी बशीत ओतला, जोरात फुरका मारला, डोळे मिटले. "हिरव्यागार बांधावरनं चालल्यासारखं वाटतंय गं," म्हणाल्या. आम्ही सगळ्या खूश. त्यांनी बशी पालथी घातली आणि विचारलं, "बरं, आता च्या कधी टाकताय?"